सोइन्तुला : सुसंवादाचे बेट

कॅनडातील नानायमोच्या कोळसाखाणींत राबणाऱ्या फिनिश मजुरांच्या पुढाकाराने १९०१ साली मॅल्कम बेटावर समाजवादी वसाहत उभी राहिली. नाव सोइन्तुला, म्हणजे सुसंवादाचे ठिकाण. नेता मात्ती कुरिक्का, पत्रकार आणि नाटककार. लाकूडतोड, मासेमारी, सामाईक भोजनगृह, स्त्रियांनाही मताधिकार. आणि डोक्यावर कर्ज! जानेवारी १९०३ मध्ये सामाईक लाकडी निवासाला आग लागून अकरा जीव गेले, त्यांत बहुतेक बालके. कुरिक्काच्या वक्तृत्वाचे कौतुक पुष्कळ झाले. पण त्या राखेतून उठून पुन्हा चूल पेटवणाऱ्या स्त्रियांचा धीर मला अधिक मोठा वाटतो. पुढे पूल बांधण्याचे कंत्राट फारच कमी बोलीने घेतल्याने कित्येक महिन्यांचे श्रम वाया गेले. १९०४ मध्ये कुरिक्का अनेक अनुयायांसह निघून गेला. १९०५ मध्ये कंपनी बुडाली. मागे राहिलेल्यांनी १९०९ साली सहकारी दुकान उघडले.