विंचू, सासू आणि भागवत: पैठणच्या नाथांचं नाटक

संभाजीनगरात उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिर आहे, माहितीये ना? नाट्यगृहाला संताचं नाव म्हणजे नेहमीसारखं आदरापोटी दिलेलं, असंच वाटतं. माझं म्हणणं वेगळं आहे. नाट्यगृहाला नाव द्यायला नाथांइतका हक्काचा माणूस मराठीत शोधून सापडायचा नाही.

मराठी नाटक आपण १८४३ पासून मोजतो. विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या राजाच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ केलं, तिथून. रामायणातली गोष्ट, गाणी, सूत्रधार, सगळं त्यात होतं. पण पोथीतला विषय घ्यायचा, वेष चढवायचा, गाऊन-नाचून चार लोकांसमोर मांडायचा, हा खेळ त्याआधी अडीचशे वर्षं पैठणला रंगत होता. त्याचं नाव भारूड.

एकनाथ सोळाव्या शतकातले. गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर, म्हणजे आपल्या दौलताबादला. माणूस पक्का विद्वान. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची मराठी टीका त्यांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रतींमधले पाठभेद तपासून शुद्ध प्रत तयार केली. मी दिवसभर कोड मर्ज करतो, तेही गिट हाताशी असताना, आणि तरी डोकं उठतं. यांनी ते हाताने लिहिलेल्या पोथ्यांवर केलं!

आता असा माणूस विंचवावर गाणं का लिहील?

कारण पोथी वाचता येणारे मूठभर होते आणि विंचू सगळ्यांना माहीत होता. भारुडात एक जण विंचू चावल्याचं सोंग आणतो. किंचाळतो, लोळतो, मागचे साथीदार टाळ-मृदंगावर त्याचीच ओळ उचलून धरतात. पोरं खदखदून हसतात. मग हळूच कळतं की हा विंचू काम-क्रोधाचा आहे. उतारा काय, तर तमोगुण मागे सारायचा आणि सत्त्वगुणाचा अंगारा लावायचा. दुसऱ्या एका भारुडात सून भवानीला नवस बोलते: सासरा, सासू, नणंद, एकेकाला वाटेतून दूर कर, मला एकटीला राहू दे! विचार करा, समोर सासू आणि सून शेजारी-शेजारी बसल्यात. दोघीही हसणार, कारणं मात्र वेगळी. आणि शेवटी ‘एकटं राहणं’ म्हणजे संसाराच्या ओढीतून सुटणं, हा अर्थ ज्याला झेपेल त्याने घरी न्यावा. लहान मुलाला सोंग, आजीला अर्थ, एकाच खेळात. फॅमिली शो म्हणतात तो हाच की!

सोंगं तरी किती: वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या. ‘हिंदू-तुर्क संवादा’त तर एक हिंदू आणि एक मुसलमान एकमेकांच्या देवाधर्माची सालटी काढतात आणि शेवटी गळाभेट घेतात. निजामशाहीच्या मुलखात बसून एका ब्राह्मणाने हे लिहिलंय. जोहार म्हणणारा महारही नाथांच्या भारुडात उभा राहतो आणि गावच्या मोठ्यांना चार गोष्टी सुनावतो. आजच्या नजरेने प्रश्न पडतोच, आणि पडायलाच हवा: हा आवाज महाराचा, की महाराच्या वेषातल्या ब्राह्मणाचा? माझ्या मते दुसराच. तरीही ज्याला देवळाबाहेर उभं करायचे, त्याच्या तोंडी अध्यात्म देणं त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

गंमत अशी की गाथेत आपल्याला फक्त शब्द सापडतात. किंचाळी कुठे, थांबायचं कुठे, समोरच्या म्हातारीकडे बघून डोळा कधी मारायचा, हे कुठेच छापलेलं नाही. ते एका कलावंताकडून दुसऱ्याकडे जातं. सिल्लोड तालुक्यातले निरंजन भाकरे हे असेच भारुडकार. तेच जुनं सोंग घेऊन ते व्यसनमुक्तीवर बोलायचे. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने ते गेले. त्यांचे व्हिडिओ आहेत, जरूर बघा. पण व्हिडिओत तो समोर बसलेल्या तुमच्या आईला चिडवू शकत नाही.

त्यासाठी फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे होळीनंतर पाच-सहा दिवसांनी, पैठणला जा. नाथषष्ठीला दिंड्या येतात, टाळ वाजत असतात. शहरापासून पन्नासेक किलोमीटर आहे. घरच्यांना घेऊन जा, आणि जमलं तर सासू-सून दोघींना!