बूच ठोकण्याची मोगरी आणि पितळी जबडे

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये दगडी कोळशाच्या भट्ट्यांतून जाड काचेच्या बाटल्या निघू लागल्या आणि त्यांच्या तोंडी आयबेरियातील ओकच्या सालीचे बूच बसले. (आपल्या अंगणातील पांढऱ्या फुलांचा बुचाचा वृक्ष तो हा नव्हे.) पोर्तुगालात ही साल दर 9 वर्षांनी उतरवतात. आरंभी निमुळते बूच लाकडी मोगरीने ठोकीत. बूच दाबून बसविणारी यंत्रे एकोणिसाव्या शतकात रुळली.

1980 नंतर बुचाच्या कुबट वासाचे मूळ टीसीए या द्रव्यात सापडले आणि 1990च्या दशकात कृत्रिम बूच बाजारात आले. त्याला ना बुरशी, ना भिजविण्याचा खटाटोप. पण सुमारे 24 मिलिमीटरचे नैसर्गिक बूच 18.5 मिलिमीटरच्या गळ्यात शिरताना आपली चूक सांभाळून घेते. कृत्रिम बूच तितके क्षमाशील नाही. एकीकडून चिमटले की उभी घडी पडते, तीतून हवा शिरते आणि घरच्या मद्याचे वर्षभराचे श्रम वाया जातात. म्हणून दोन दांड्यांच्या स्वस्त हातयंत्रापेक्षा, जमिनीवर उभे राहणारे, सर्व बाजूंनी सारखेच आवळणारे पितळी जबड्यांचे यंत्र आम्ही श्रेयस्कर मानतो. जुने मिळाल्यास आधी जबड्यांवरून बोट फिरवावे. खाच लागली, तर ते फुकटही घेऊ नये.