लाइव्हमध्ये आमदार-खासदारांना प्रश्न विचारताय? आई-बापांनी आधी एवढं वाचा

आता पुढाऱ्यांची भेट मोबाईलवरच व्हायला लागलीय. आमदार फेसबुकवर लाइव्ह येतात, मंत्री 'जनतेशी संवाद' करतात, खासदारांच्या पोस्टखाली शेकडो कमेंट पडतात. त्यातल्या निम्म्या 'साहेब रामराम', 'भाऊ एक नंबर' असल्याच असतात. मधेच एखादी आई लिहिते, 'मातृवंदनाचा हप्ता अजून आला नाही.' एखादा बाप लिहितो, 'पोराच्या शाळेचं काय?' वीस मिनिटांत लाइव्ह संपतं. साहेबांनी गाडीत बसता बसता 'सगळ्यांचे प्रश्न मार्गी लावू' म्हटलेलं असतं, आणि प्रश्न होता तिथंच राहतो.

यात चूक एकट्या पुढाऱ्याची नसते. प्रश्न कुणाला विचारायचा, कायद्यात काय लिहिलंय आणि उत्तर आलं नाही तर पुढं कुठं जायचं, हे माहीत नसलं की चांगला प्रश्नही वाया जातो. लेकराबाळांच्या, बाळंतपणाच्या आणि शाळेच्या योजनांबद्दल विचारण्याआधी काय माहीत असावं, त्याची ही माहिती. जपून ठेवा, लागेल तेव्हा काढा.

बिस्किटाची गोष्ट

ऑक्टोबर 2009 मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन पालकांच्या एका संकेतस्थळावर प्रश्नांना उत्तरं द्यायला बसले होते. आयांनी धोरणाचे प्रश्न विचारले. त्यातच 'तुमचं आवडतं बिस्किट कोणतं?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला आणि पंतप्रधानांनी त्याचं उत्तर दिलं नाही. पेपरांत गाजलं ते बिस्किट. आयांनी कष्टानं मांडलेले बाकीचे प्रश्न मागं पडले.

आपल्याकडंही तेच होतं. गमतीची कमेंट वर जाते आणि कामाची खाली जाते. म्हणून प्रश्न नेमका लागतो, आणि एकाच गावच्या दहा जणांनी तोच विचारला तर तो दिसतो.

कोणता प्रश्न कुणाचा?

घरातल्या लेकराशी संबंधित कामं चार ठिकाणी वाटलेली आहेत.

ग्रामपंचायत: अंगणवाडीला जागा, पाणी, शौचालय, शाळेची किरकोळ दुरुस्ती. हा विषय सरपंच, ग्रामसेवक आणि ग्रामसभेचा. ग्रामसभा वर्षात किमान 4 व्हायला हव्यात आणि नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते.

जिल्हा परिषद: अंगणवाडी सेविकेची रिकामी जागा, पोषण आहार, झेडपीच्या शाळेतले शिक्षक. तालुक्याला बालविकास प्रकल्प अधिकारी (सीडीपीओ) आणि गटशिक्षणाधिकारी असतात.

राज्य सरकार: लेक लाडकी, लाडकी बहीण, बालसंगोपन, आरटीईचे नियम. हे प्रश्न आमदाराला विचारायचे, कारण विधानसभेत तोंड उघडायचा हक्क त्यांचा आहे.

केंद्र सरकार: मातृवंदना योजना, अन्न सुरक्षा कायदा. हे प्रश्न खासदाराला.

आमदाराला मातृवंदनाची रक्कम वाढवायला सांगितली तर 'ते दिल्लीचं काम आहे' एवढं बोलून ते मोकळे होतात. आणि त्यात ते खोटं बोलत नसतात.

विचारण्याआधी हे आकडे पाठ हवेत

प्रधानमंत्री मातृवंदना योजना: पहिल्या अपत्याला 5,000 रुपये, ते दोन हप्त्यांत (3,000 आणि 2,000). दुसरं अपत्य मुलगी असेल तर 6,000 रुपये एकदम. दुसरा मुलगा झाला तर या योजनेतून काही नाही. आता मुद्दा असा की, राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 मधल्या कलम 4 मध्ये गरोदर आणि स्तनदा मातेला किमान 6,000 रुपये द्यावेत असं लिहिलंय. सरकारी नोकरीतल्या बायका त्यातून वगळल्या आहेत, पण कितवं बाळंतपण याची अट त्या कलमात नाही. पहिल्या बाळंतपणाची उरलेली रक्कम जननी सुरक्षा योजनेतून भरून निघते, असं सरकारचं म्हणणं. पण त्या योजनेचा लाभ आपल्या राज्यात सगळ्याच बायकांना नसतो. खासदारांना विचारायचा प्रश्न इथं आहे.

लेक लाडकी योजना: 1 एप्रिल 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीसाठी, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला. जन्मानंतर 5,000, पहिलीत 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि 18 वर्षं पूर्ण झाल्यावर 75,000. एकूण 1 लाख 1 हजार. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1 लाख रुपये. योजना दोन अपत्यांपर्यंतच आहे आणि कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेच्या प्रमाणपत्राची अट पुढच्या हप्त्यांना आहे. ही अट पुष्कळ घरांत अजून ठाऊकच नाही. आज अर्ज करताना ती टोचत नाही, पोरगी शाळेत गेल्यावर अडवते.

लाडकी बहीण: जुलै 2024 पासून महिन्याला 1,500 रुपये. वय 21 ते 65, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीनं ही रक्कम 2,100 करण्याचं आश्वासन दिलं होतं.

बालसंगोपन योजना: आई-वडील दोन्ही नसलेली किंवा एकच पालक उरलेली, संकटात सापडलेली मुलं यांच्यासाठी महिन्याला 2,250 रुपये. नवरा गेलेल्या कितीतरी बायकांपर्यंत ही योजना पोचतच नाही, कारण गावात तिचं नावच कुणी घेत नाही. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास विभागात जातो.

अंगणवाडी: 6 महिने ते 6 वर्षांच्या लेकराला अंगणवाडीतून मोफत आहार मिळणं हा अन्न सुरक्षा कायद्यानं दिलेला हक्क आहे. ती मेहेरबानी नव्हे. आहार आला नाही तर 'वरूनच आला नाही' एवढ्यावर गप्प बसायचं कारण नाही.

शाळेचं अंतर: पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत असावी, असा राज्याचा नियम आहे. पट कमी म्हणून वाडीवरची शाळा दुसरीकडं जोडायची चर्चा निघाली की हा नियम पुढं करायचा. सहा-सात वर्षांची पोरगी ओढा ओलांडून तीन किलोमीटर चालत जाणार का, हा प्रश्न कागदावर आणायचा तो असा.

पालकांनी प्रश्न लावून धरला तर काय होतं?

लांबचं नको, आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी शाळांना पहिल्या वर्गातल्या 25 टक्के जागा गरीब आणि वंचित घरातल्या मुलांना द्याव्या लागतात. 9 फेब्रुवारी 2024 ला राज्य सरकारनं नियम बदलला. खासगी विनाअनुदानित शाळेच्या 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला या जागांमधून सूट मिळाली. गावोगावी झेडपीची शाळा आहेच. म्हणजे गरिबाच्या पोराला खासगी शाळेचं दार जवळपास बंदच झालं.

पालक आणि संघटनांनी ओरड केली, काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. 6 मे 2024 ला न्यायालयानं या बदलाला स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 ला तो रद्द केला. जुन्या नियमानं प्रवेश द्यावे लागले. पण या खटपटीत जून उलटून गेला आणि पोरं तोवर घरी थांबली.

शाळाचालकांचीही एक बाजू आहे. या मुलांची फी सरकार शाळेला देतं आणि ते पैसे वर्षानुवर्षं थकतात, ही त्यांची तक्रार. म्हणून आमदाराला नुसतं 'आरटीई चालू ठेवा' म्हणू नका. 'आपल्या जिल्ह्यातल्या शाळांची आरटीईची किती रक्कम थकली आहे आणि ती कधी देणार?' असं विचारा. पैसे थकले की शाळा गरिबाच्या पोराला नको म्हणते, दुखण्याचं मूळ तिथं आहे.

आणखी एक प्रश्न आहे, तो कुणी फारसा विचारत नाही. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेला उभं राहायचं तर दोनपेक्षा जास्त अपत्यं चालत नाहीत. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं तर माणूस अपात्र ठरतो. आमदार-खासदारांना मात्र ही अट नाही. सरपंचाला एक नियम आणि कायदा करणाऱ्याला दुसरा, हे कसं? अट चांगली की वाईट यावर मतं वेगळी असतील. पण तिच्यामुळं पद गेलेली माणसं तालुक्या-तालुक्यात आहेत, आणि उत्तर देण्याची जबाबदारी आमदारांची आहे.

प्रश्न लिहायचा कसा?

'अंगणवाडीचं काय झालं साहेब?' याला 'बघतो' हेच उत्तर मिळणार. त्यापेक्षा असं लिहा:

'साहेब, आमच्या वस्तीवरची अंगणवाडी चार वर्षं समाजमंदिरात भरते. ग्रामपंचायतीनं जागेचा ठराव दिला आहे. इमारतीचं काम यंदा जिल्हा नियोजनमधून घेणार की आमदार निधीतून? तारीख सांगा.'

यात गाव आहे, अडचण आहे, गावानं काय केलं ते आहे, आणि पळवाट ठेवलेली नाही. आमदाराला वर्षाला 5 कोटी रुपयांचा स्थानिक विकास निधी असतो, हेही लक्षात असू द्या.

थोडक्यात सांगायचं तर:

एका कमेंटमध्ये एकच प्रश्न. चार विषय कालवले की ते सोपं तेवढं उचलतात.

शिवी नको, टोमणा नको. कमेंट उडवायला निमित्त मिळतं.

'काय करणार' यापेक्षा 'कधी करणार' आणि 'विधानसभेत मांडणार का' असं विचारा. आमदार तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी मांडू शकतात. मंत्र्यांना त्याचं उत्तर सभागृहात द्यावं लागतं आणि ते नोंदीत राहतं. अधिवेशनं वर्षात साधारण तीन: अर्थसंकल्पी, पावसाळी आणि नागपूरचं हिवाळी. अधिवेशनाच्या महिना-दोन महिने आधी प्रश्न हातात दिला तर उपयोग.

आचारसंहिता लागली की नवीन घोषणा होत नाही. पण मत मागायला आलेल्या उमेदवाराला प्रश्न विचारायला कुणी अडवत नाही.

हे कधीच टाकू नका

कमेंटमध्ये आधार नंबर, बँक खातं, रेशनकार्डाचा फोटो, मोबाईल नंबर टाकायचा नाही. लेकराचा फोटो, शाळेचं नाव, आजारपणाचे कागद तर बिलकूल नाही. 'हप्ता आला नाही' अशी कमेंट पडली की थोड्या वेळानं 'ताई, मी कार्यालयातून बोलतोय, लिंकवर माहिती भरा' असा मेसेज येऊ शकतो. ओटीपी मागितला की समजायचं, हा चोर आहे. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा. लेकरू संकटात असेल तर 1098.

लाइव्ह संपल्यावर खरं काम सुरू

उत्तर मिळालं असेल तर तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. नसेल मिळालं तर तोच प्रश्न पुढच्या ठिकाणी टाका.

आपले सरकार तक्रार निवारण: राज्याच्या योजनांसाठी. तक्रार नोंदवली की टोकन नंबर मिळतो. 21 दिवसांत उत्तर अपेक्षित आहे.

केंद्राचं तक्रार पोर्टल (सीपीग्राम्स): मातृवंदनासारख्या केंद्राच्या योजनांसाठी.

माहितीचा अधिकार: राज्यात ऑनलाइन अर्ज करता येतो. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवायचा. 30 दिवसांत माहिती यायला हवी, नाही आली तर पहिलं अपील. 'असं का केलं?' असं विचारलं तर अर्ज वाया जातो. 'अमुक वर्षात आमच्या तालुक्यात किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती पडून आहेत, याची प्रत द्या' असं मागायचं.

ग्रामसभा: अंगणवाडी, शाळा, पाणी हे विषय ठरावात आणा. ठरावाची नक्कल हातात असली की आमदारांपुढं बोलायला बळ येतं.

घरात बाळ यायचं असेल तर अंगणवाडी ताई किंवा आशाताईकडं नोंद वेळेत करा, जन्मदाखला काढा, बँक खातं आईच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं ठेवा. हप्ते पुष्कळदा इथंच अडकतात, आणि त्याला ना आमदार काही करू शकत ना खासदार. आपला कागद पुरा असेल तर साहेबांना 'तुमचीच कागदं अपुरी' म्हणून हात झटकता येत नाहीत.

पुढच्या वेळी कुणी लाइव्ह आलं तर रामराम जरूर घाला. त्याच्याखाली आपला प्रश्न टाका, शेजारच्या दोन घरांनाही टाकायला सांगा, आणि 21 दिवसांनी पुन्हा विचारा.