अकबरापुढची तंबाखूची नळी

दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कन्येस शाहजादा दानियालची वधू म्हणून आणण्याच्या कामगिरीवर अकबराचा वकील असद बेग विजापुरास गेला होता. इ. स. १६०४ च्या सुमारास तो आग्र्यास परतला, तेव्हां त्याच्या नजराण्यांत बादशहास अगदीं अपरिचित अशी एक वस्तु होती: तंबाखू ओढण्याची नळी. तंबाखू मूळची अमेरिकेची. ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरली; तेव्हां गोव्याशेजारच्या विजापुरास तिची ओळख आग्र्याच्या आधीं झाली, यांत नवल नाहीं.

असद बेगानें ही हकीकत मोठ्या हौसेनें लिहून ठेवली आहे. नळीची दांडी तीन हात लांब, सुमात्रा बेटांतील अचीनची, नीट वाळवून रंगविलेली. दोन्ही टोकांस रत्नें व मीनाकाम. ओठांशीं धरावयाचा भाग येमेनी अकीकाचा, लंबगोल. विस्तव धरावयास सोन्याचें पात्र. दांडीसाठीं चांदीचें नळकांडें केलेलें, आणि त्यावरहि जांभळी मखमल! तंबाखू भरली होती ती मात्र आदिलशहानें दिलेल्या पानाच्या बटव्यांत.

अकबरानें सर्व साहित्य निरखून पाहिलें आणि एक नळी भरण्याची आज्ञा केली. तोंच शाही हकीम आडवा आला. तरी असद बेगाचें मन मोडूं नये म्हणून बादशहानें दोनतीन झुरके घेतले. पुढें हकीमानें घेऊं दिले नाहींत. मग नळी खान-इ-आझम मिर्झा अझीझ कोका ह्याच्या हातीं गेली.

खरा रंग भरला तो पुढील वादांत. ज्या औषधाचा आपल्या ग्रंथांत उल्लेख नाहीं, तें बादशहाच्या देहावर कसें आजमावावें, असें हकीमाचें म्हणणें. आजमावल्यावांचून तें वाईट तरी कसें ठरवावें, हा असद बेगाचा सवाल. जगांतील प्रत्येक रीत केव्हां तरी नवीच होती! अकबरानें कौल असद बेगास दिला. पण हकीमाची शंका पोकळ नव्हती. तंबाखूचा धूर आणि फुप्फुसाचा कर्करोग ह्यांच्या संबंधाचा भक्कम पुरावा पुढें येण्यास १९५० साल उजाडावें लागलें.

गंमत अशी, कीं कौल देणाऱ्या अकबरानें स्वतः ही संवय लावून घेतली नाहीं. असद बेगानें उरलेल्या नळ्या व तंबाखू सरदारांकडे पाठविली. मागणी वाढली, व्यापारी पुढें सरसावले. १६१७ सालीं जहांगीरानें बंदीचा हुकूम काढला. इराणांत शाह अब्बासानेंहि तशीच मनाई केली होती. परंतु तेथें गेलेला जहांगीराचाच वकील खान आलम ह्यास तंबाखूवांचून क्षणभर करमेना, तेव्हां शहानें एक शेर लिहून त्याला मोकळीक दिली.