नोकरी एक, नाद दुसरा



गेल्या स्नेहमेळाव्याला येताना प्रत्येकाने घरचे एक रोप आणायचे आणि आधी रोपाची, मग स्वतःची ओळख करून द्यायची, असे ठरले होते. निवृत्त माणसे हुद्दे सांगत बसली तर जेवण गार होईल, अशी संयोजकांना भीती होती. जेवण तरीही गारच झाले, पण हुद्द्यांमुळे नव्हे. एसटीत कंडक्टर असलेल्या आपल्या मित्राने अडेनियमचे कलम कसे बांधायचे, हे दाखवायला वीस मिनिटे घेतली. परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या मैत्रिणीने सात प्रकारचे नेचे आणले होते. रात्रपाळीहून आले की आधी त्यांच्यावर पाणी शिंपडायचे आणि मगच चहा, हा तिचा तीस वर्षांचा नेम. बँकेतला रोखपाल गच्चीवर टबात कमळे फुलवतो. शेती करणारा मित्र म्हणाला, "दिवसभर ऊसच बघतो मी. म्हणून घरामागे फक्त निवडुंग लावलेत. ते तरी पाणी मागत नाहीत."

मी टपाल खात्यात सदतीस वर्षे काढली. सोनटक्क्याचे कंद घेऊन आलो होतो. शाळेत असताना आपण ज्यांना फक्त हजेरीच्या क्रमांकाने ओळखत होतो, त्यांची खरी ओळख त्या दिवशी झाली, असे मला वाटले. स्मरणिकेच्या संपादकांनी "यावर काहीतरी लिही" असे सांगितले, तेव्हा मनात आले की ही गोष्ट आपल्या बॅचपुरती नाही. आपल्या सह्याद्रीतल्या झाडांची नोंद मुळात केली कोणी? शोधत गेलो, तर पहिल्याच पानावर माझ्याच खात्याचा माणूस भेटला.

त्याचे नाव जॉन ग्रॅहम. मुंबईचा डेप्युटी पोस्टमास्टर जनरल. तेव्हा टपालाची तिकिटेसुद्धा निघाली नव्हती, डाक हरकाऱ्यांच्या पायांवर चालत होती. कचेरीचे काम सांभाळून या माणसाने मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी केली. ती 1839 मध्ये प्रसिद्ध झाली, पण पूर्ण छापलेले पुस्तक पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. त्याच वर्षी खंडाळ्याला त्याचे निधन झाले. वयाची पस्तिशीही गाठली नव्हती. उरलेले काम जोसेफ निम्मो या त्याच्या स्नेह्याने पुरे केले.

पुढचा माणूस जकात खात्यातला. निकोल डॅलझेल हा मुंबईत जकात, मीठ आणि अफू यांचा कारभार पाहणारा अधिकारी. अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरच्या साथीने त्याने 1861 मध्ये 'द बॉम्बे फ्लोरा' हे पुस्तक काढले. वनखात्यातही त्याने काम केले. जुन्नरच्या डोंगरांत खडकाच्या कपारीत वाढणाऱ्या शिंदळमाकुडीला शास्त्रीय नाव दिले ते यानेच. त्या वेळचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून त्याने तिला 'फ्रेरिया' म्हटले. शिवनेरीच्या सहलीत सरांनी आपल्याला कड्यावर बोट दाखवून जी चांदणीसारखी, तपकिरी-लाल फुले दाखवली होती, तीच ही.

थिओडोर कुक तर इंजिनिअर. आयर्लंडहून आला, रेल्वेत लागला, वसईच्या खाडीवरच्या लोखंडी पुलाचे काम केले आणि 1865 मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. तिथे त्याने सुमारे 28 वर्षे काढली. निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू येथे बसून त्याने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. तो 1901 ते 1908 या काळात भागाभागाने छापला गेला. आज शंभर वर्षांनंतरही महाराष्ट्रातल्या झाडांवर काम करणाऱ्याला तो उघडावाच लागतो.

ही सगळी साहेबांची नावे झाली. पण मुंबईत 15 सप्टेंबर 1883 रोजी आठ निसर्गप्रेमी एकत्र आले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा त्या आठांत आपले दोघे होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. हे ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची त्यांनी 1879 मध्ये प्रसिद्ध केली होती. डॉ. रखमाबाईंचे हे सावत्र वडील. घरी पेशंट, कॉलेजात विद्यार्थी, समाजात सुधारणेची धामधूम आणि त्यातून वेळ काढून झाडपाला. आठांतला एक, एडवर्ड एटकिन, पुन्हा मीठ आणि जकात खात्यातलाच. संस्थेला पहिली हक्काची जागा मिळाली ती हर्बर्ट फिप्सन या दारूच्या व्यापाऱ्याच्या कचेरीत. कुणाचा धंदा कुठला आणि नाद कुठला, याचा मेळ घालायला जाऊच नये.

ही परंपरा पुढेही तुटली नाही. ग्रॅहम ज्या खंडाळ्यात गेला, त्याच खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1953 मध्ये फादर सांतापाव यांनी सिद्ध केला. जन्माने स्पॅनिश, व्रताने धर्मगुरू, शिकवायला मुंबईच्या झेवियर्स कॉलेजात. आणि आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असलेली 'वृक्षगान' आणि 'फुलवा' ही पुस्तके लिहिणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर केईएम रुग्णालयात औषधशास्त्र शिकवत होत्या.

हे वाचताना दोन गोष्टी मनात रुतून बसल्या.

पहिली गोष्ट दापुरीची, म्हणजे आजच्या दापोडीची. तिथे गिब्सनच्या देखरेखीखाली सरकारी बाग होती. 1847 ते 1850 या काळात एका चित्रकाराने तिथल्या झाडांची दीडशेहून जास्त रंगीत चित्रे काढली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय वंशाचा होता, एवढेच लिहून ठेवलेले आहे. नाव कोणी टिपलेच नाही. पाकळीची शीर न् शीर कागदावर उतरली, पण ती उतरवणारा हात बेनाव राहिला.

दुसरी गोष्ट कुकच्या ग्रंथातली. त्यात प्रत्येक झाडापुढे ते कुठे सापडले आणि कोणी आणले, याची नोंद आहे. डॅलझेल, स्टॉक्स, लॉ या नावांबरोबर मधूनच 'कानिटकर' आणि 'भिवा' अशी नावे येतात. भिवाला आडनाव नाही, हुद्दा नाही. पण नावापुढे उद्गारचिन्ह आहे. त्याचा अर्थ, हा नमुना लेखकाने स्वतः डोळ्यांनी पाहिला आहे. डोंगर चढून, चिखल तुडवून त्याने झाड आणले आणि त्यासोबत ठिकाण खरे सांगितले. तेवढ्यावर तो सव्वाशे वर्षे त्या पानावर उभा आहे.

इथे मला आपल्या सरांची आठवण येते. सर शिकवायचे गणित. झाडे हा त्यांचा नाद. आठवीत असताना पावसाळ्यातल्या रविवारी ते आपल्याला शाळेमागच्या टेकडीवर न्यायचे. आणलेली फांदी वर्तमानपत्राच्या घडीत ठेवायची, वर फळी आणि फळीवर दगड, रोज कागद बदलायचा, वाळल्यावर जाड कागदावर चिकटवायची, डांबराच्या गोळ्या घालून ठेवायची. आणि खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: नाव, ठिकाण, तारीख, कोणी आणले. आपल्यापैकी बहुतेकांना ती शिक्षा वाटे. सर म्हणत, "उत्तर आलं म्हणजे गणित झालं नाही. ताळा कुठाय? चिठ्ठी म्हणजे झाडाचा ताळा."

सर निवृत्त झाले. काही वर्षांनी गेले. प्रयोगशाळेच्या कपाटातले त्यांचे सगळे कागद वाळवीने खाल्ले. याचा दोष मी कोणाला देत नाही. आपल्यापैकी एकानेही कधी "सर, त्या कागदांचं काय झालं?" असे विचारले नव्हते, मीही नाही. टेकडीचे काय झाले, ते सगळ्यांनी पाहिले आहेच. अर्धी मुरुमासाठी खोदली गेली, अर्ध्यावर प्लॉट पडले.

सरांनी वर्षअखेरीस परत दिलेला माझा एक कागद मात्र माझ्या ट्रंकेत राहून गेला होता. त्यावर कळलावीचे वाळलेले फूल आहे. रंग उडाला, तरी पाकळ्यांच्या नागमोडी कडा आणि टोकाशी वळलेली पाने ओळखू येतात. मेळाव्याला मी तो मोठ्या हौसेने आणला होता. टेकडीवर पूर्वी कोणकोणती झाडे होती, याची आठवणीतली यादी या स्मरणिकेसाठी करायचे ठरले आणि सगळे म्हणाले, "पहिली नोंद याचीच. याच्याकडे पुरावा आहे!" टाळ्याही पडल्या. मी हसून गप्प बसलो.

मित्रांनो, त्या चिठ्ठीवर लिहिले आहे: "कळलावी. शाळेमागची टेकडी. 17 ऑगस्ट 1975." नाव बरोबर आहे, तारीख बरोबर आहे. ठिकाण खोटे आहे. त्या रविवारी पाऊस कोसळत होता, माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि मी टेकडीवर आलोच नव्हतो. सोमवारी कागद दाखवायचा म्हणून टपाल कचेरीच्या कुंपणावर चढलेल्या वेलीचे फूल तोडले आणि टेकडीचे नाव ठोकून दिले.

सरांना ते कळले असावे. चिठ्ठीच्या बाजूला लाल शाईत त्यांनी एकच ओळ लिहिली आहे: "टेकडीच्या कोणत्या बाजूला?" मी उत्तर दिले नाही. त्यांनीही पुन्हा विचारले नाही. पण कागद परत करताना तो सगळ्यांसारखा ढिगात न देता माझ्या हातात दिला, हे आज लक्षात येते.

टेकडीवर कळलावी असेलही. आपल्याकडच्या डोंगरांवर ती पावसाळ्यात फुलतेच. पण 'असेलही' म्हणजे नोंद नव्हे. ज्या टेकडीचे आता काहीच उरले नाही, तिच्याबद्दल उरलेला एकमेव कागद खोटा निघावा आणि तो माझा असावा, याची लाज वाटते. पोस्टमास्तर ग्रॅहम आणि तो एकाकी भिवा यांच्याबद्दल वाचल्यावर गप्प राहणे जमेना, म्हणून हे सगळे लिहिले.

तेव्हा एक विनंती. टेकडीच्या यादीसाठी ज्याने जे स्वतः पाहिले असेल, तेवढेच लिहून पाठवावे. ठिकाण आठवत नसेल तर जागा कोरी ठेवावी. पुढच्या मेळाव्याला रोप आणताना सोबत चिठ्ठी आणावी: नाव, कुठून मिळाले, कोणी दिले, कधी. कंडक्टर मित्राचे अडेनियम आज सहा घरांत वाढते आहे, परिचारिका मैत्रिणीचे नेचे माझ्या न्हाणीघराच्या खिडकीत रुजले आहेत. आपण नसू तेव्हा कुणी विचारले, तर त्या कुंड्यांत आपली नावे सापडायला हवीत.

आणि संपादकांनी माझी नोंद अशी दुरुस्त करावी:

कळलावी. टपाल कचेरीचे कुंपण. 17 ऑगस्ट 1975. आणणारा: इयत्ता आठवी ब, हजेरी क्रमांक 23.