पाण्याची वाट, हवेची वाट

भरलेली बाटली एकदम उपडी केली की पाणी ‘बुडबुड’ करीत, अडखळत बाहेर पडते. तोंड एकच आणि त्यातून पाण्याला बाहेर यायचे असते, हवेला आत जायचे असते. दोघे आळीपाळीने जातात म्हणून आवाज होतो. ही अडचण फार जुनी आहे. नळाने पाणी आणणाऱ्या प्रत्येक पिढीला तिच्यावर उपाय शोधावा लागला.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी हे शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याने तेथे ‘नहर-ए-अंबरी’ बांधली. डोंगरपायथ्याचे भूजल केवळ उताराच्या जोरावर शहरात आले. अशा नळमार्गात उंचवट्यांवर हवा साठते आणि प्रवाह अडवते. म्हणून वाटेत ठिकठिकाणी दगडी-विटांचे मनोरे उभारले गेले. त्यांतून कोंडलेली हवा निघून जाई आणि दाबही आटोक्यात राही. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणले गेले. त्या मार्गावरील अशा बांधकामांना नावच ‘उच्छ्वास’ असे पडले. पाणी वाहायचे तर हवेला श्वास घेऊ द्यावा लागतो, हे त्या कारागिरांनी एका शब्दात सांगून ठेवले आहे.

आता मत्स्यालयाकडे वळू. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. विल्यम लॉइड यांनी १८७१ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात जमिनीखाली मोठी अंधारी टाकी ठेवली. पंपाने पाणी वर चढवायचे आणि ते पुन्हा खाली येऊ द्यायचे, अशी ही रचना होती. तेच पाणी महिनोन्‌महिने फिरत राही. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. घरगुती काचपेटीतही आज हीच युक्ती वापरतात. जास्तीचे पाणी उभ्या नळीच्या तोंडावरून खालच्या टाकीत उतरते.

साध्या उभ्या नळीत मात्र पाणी भोवरा करून शिरते आणि सोबत हवा ओढते. आवाज होतो तो मुख्यतः बुडबुड्यांचा. मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये दाखवले की बुडबुडा घंटेसारखा कंप पावतो. ३ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा पाण्यात सेकंदाला सुमारे १,१०० कंपने करतो. बुडबुडा लहान, तर स्वर उंच. दुसराही एक त्रास असतो. नळी पूर्ण भरली की वक्रनलिकेसारखी ओढ निर्माण होते आणि पाणी झपाट्याने उतरते. पातळी खाली गेली की हवा घुसते, ओढ तुटते, पातळी पुन्हा चढते. हे चक्र घुर्रघुर्र करीत चालूच राहते.

यावर रिचर्ड डर्सो या अमेरिकी हौशी मत्स्यपालकाच्या नावाने ओळखला जाणारा उपाय सोपा आहे. उभ्या नळीच्या माथ्यावर ‘टी’ बसवायचा. त्याच्या आडव्या तोंडाला खाली वळलेला एल्बो जोडायचा, म्हणजे पाणी पृष्ठाखालून शिरते आणि भोवरा होत नाही. वरचे तोंड टोपीने बंद करून तिला बारीक छिद्र पाडायचे. छिद्र फार लहान असेल तर वक्रनलिकेची ओढ परत येते. फार मोठे असेल तर पाणी मोकळे कोसळून खळखळते. म्हणून लहान छिद्रापासून सुरुवात करून ते थोडे थोडे वाढवावे. हे छिद्र म्हणजे कात्रजच्या उच्छ्वासाचे धाकटे भावंडच. फरक इतकाच की तेथे हवा मुख्यतः बाहेर सोडायची होती आणि येथे ती आत घ्यायची आहे.

जळकोटसारख्या गावी शाळेत अशी पेटी ठेवायची तर आणखी एक हिशेब आधी करावा. वीज गेली की पंप थांबतो आणि काठापर्यंतचे पाणी खाली उतरते. ९० × ४५ सेंटिमीटरच्या पेटीत पातळी २ सेंटिमीटर उतरली तर ८.१ लिटर पाणी खाली येते. तेवढी जागा खालच्या टाकीत रिकामी नसेल तर पाणी वर्गभर पसरेल. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या जिल्ह्यात ८ लिटर पाणी थोडे नाही.

विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग अवश्य करून घ्यावा. दोन सारख्या बाटल्या भराव्यात. एक नुसतीच उपडी करावी. दुसरीत लांब वाकडी नळी घालून तिचे आतले टोक बाटलीच्या बुडाजवळ पोचवावे, बाहेरचे टोक बोटाने दाबून बाटली उपडी करावी आणि मग बोट काढावे. दोन्ही बाटल्या रिकाम्या व्हायला लागणारा वेळ मोजावा, आवाज ऐकावा आणि मग विचारावे: मलिक अंबरच्या मनोऱ्याचे काम येथे कोणी केले?