जुन्या सोलापूरचे फोटो: इमारत ओळखली, माणसाचं काय?

(भाग ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त थोडं आवरून घेतलंय.)

'जुनं सोलापूर' असं लिहिलेला एखादा फोटो तुमच्याही ग्रुपवर कधी ना कधी आला असणार. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव, इंद्रभुवन, नाहीतर मिलची चिमणी. खाली लगेच कमेंट येतात, "काय शहर होतं राव!" आणि मग सगळे पुढच्या मेसेजवर. आज जरा थांबू आणि त्याच फोटोला एक प्रश्न विचारू: यात माणसं कुठायत?

जुन्या फोटोंतले रस्ते रिकामे दिसतात, आणि आपल्याला वाटतं तेव्हा गर्दीच नव्हती. याचं एक कारण तांत्रिक आहे. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांना एक फोटो घ्यायला खूप वेळ लागायचा. १८३८ साली दागेर यांनी पॅरिसमधल्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो काढला. गाड्या, घोडे, लोक सगळं चालू होतं. पण फोटोला काही मिनिटं लागली आणि हलणारं सगळं पुसलं गेलं. उरला एक माणूस, बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा होता म्हणून, आणि त्याच्यासोबत पॉलिश करणारा. म्हणजे रस्ता भरलेला होता, कॅमेऱ्याला तो दिसला नाही एवढंच.

दुसरं कारण पैशाचं. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, १८६० मध्ये रेल्वे सोलापूरपर्यंत आली. पण कॅमेरा होता कुणाकडे? साहेब, संस्थानिक, शेठ आणि स्टुडिओवाले. त्यांनी काय टिपलं? देऊळ, किल्ला, बंगला, गिरणीचं प्रवेशद्वार. पहाटेच्या भोंग्याला घाईघाईत निघालेला कामगार त्या यादीत नव्हता.

आणि जिथे साध्या माणसांचे फोटो काढले, तिथे काय झालं तेही ऐका. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड छापले. देशभरातल्या लोकांचे फोटो. पण बहुतेक फोटोंखाली माणसाच्या नावाऐवजी त्याची जात किंवा जमात लिहिलेली. हा माणूस म्हणजे अमुक जमातीचा 'नमुना', बस्स. त्याच सुमारास, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा आला. माणूस जन्मला म्हणजेच संशयित! त्या कायद्याखाली लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं गेलं. आपल्या शहरातल्या 'सेटलमेंट' या भागाचं नाव तिथूनच आलंय. १९५२ साली ते लोक कायद्याने विमुक्त झाले, पण वस्तीचं नाव तेच राहिलं. म्हणून म्हणतो, फोटो असणं आणि त्याखाली नाव असणं यात लई फरक आहे.

उलट उदाहरण आपल्याच चौकात आहे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. या चौघांची नावं शहराने जपली, म्हणून आज चार पुतळ्यांपाशी उभं राहून आपण सांगू शकतो की हे कोण. पण त्या दिवसांत रस्त्यावर उतरलेल्या बाकीच्यांचं काय? त्यातला कुणीतरी तुमचा खापरपणजोबाही असेल. कुणी लिहून ठेवलं नसेल तर आता कळणार कसं?

बरं, आता कामाची गोष्ट. फोटोवर तारीख नसली तरी फोटो स्वतः बरंच सांगतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले एखादी गडबड कधी झाली हे शोधायला लॉग बघतो ना, अगदी तसंच.

आधी शहराच्या पक्क्या तारखा हाताशी ठेवा. रेल्वे १८६०. जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली. जाम मिल १९०९ ची. कुणी 'सोलापूर, १८५५' लिहून आगगाडीचा फोटो पाठवला तर सरळ समजा, कॅप्शन खोटं आहे.

मग पाट्या बघा. इंग्रजीत 'शोलापूर' लिहिलंय का 'सोलापूर'? जुनं स्पेलिंग दिसलं तर फोटो बहुधा जुना, पण दुकानदार पाटी वर्षानुवर्षं बदलत नाहीत, एवढं लक्षात ठेवायचं. पाटीवर मराठीसोबत कन्नड, तेलुगू, उर्दू आहे का? त्यावरून पेठेचा अंदाज येतो. फोन नंबर किती आकडी आहे? पिवळ्या रंगाचं एसटीडी पीसीओ दिसतंय का? गाडीवर 'एमएच १३' असेल तर फोटो १९८९ नंतरचाच, कारण ही नंबरपद्धत तेव्हा आली. आणि भिंतीवर सिनेमाचं पोस्टर असेल तर सोन्याहून पिवळं. 'शोले' दिसला की फोटो ऑगस्ट १९७५ च्या आधीचा असूच शकत नाही. नंतरचा असू शकतो, कारण जुने सिनेमे परत लागायचे.

गड्ड्याच्या यात्रेचे फोटो मात्र फसवतात. सात नंदीध्वज, पांढरी बाराबंदी, अक्षता सोहळ्याची गर्दी. साठ वर्षांपूर्वीचा फोटो आणि परवाचा, दोन्ही सारखेच वाटतात, कारण परंपरेचा पोशाख बदलत नाही. तिथे नंदीध्वजावरची नजर काढून मागे न्यायची: विजेचे खांब, पत्र्याची छपरं, गच्चीवरचे अँटेना, बघ्यांच्या पायातल्या चपला. फोटोग्राफरने मुद्दाम टिपलेलं नसतं तेच बऱ्याचदा वर्ष सांगतं.

आता मुख्य मुद्दा. शहराच्या इमारतींचे फोटो कुठे ना कुठे मिळतील. पण मिल कामगार, तेलंगणातून येऊन इथे माग चालवणारे पद्मशाली विणकर, घरात बसून विड्या वळणाऱ्या बायका, यांचे फोटो असलेच तर कुणाच्या तरी पत्र्याच्या पेटीत आहेत. लग्नाचा ग्रुप फोटो, रंगवलेल्या पडद्यासमोर स्टुडिओत उभं जोडपं, नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथापुढे उभी पोरं. रोजच्या कामाचा फोटो कोण काढणार? त्यामुळे लग्नाच्या फोटोच्या कोपऱ्यात चुकून माग दिसला, तरी तो ठेवा आहे.

आणि या पेट्या आता हलतायत. मिल एकेक करून बंद पडल्या, घरं वाटली गेली. जानेवारी २०२४ मध्ये कुंभारीच्या रे नगरमध्ये १५ हजार घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यात विडी कामगार आहेत, यंत्रमाग कामगार आहेत. हक्काचं घर मिळालं ही मोठी गोष्ट आहे. पण घर बदलताना काय होतं ते तुम्हाला माहितीय. भांडी जातात, गाद्या जातात, देवाचे फोटो जातात. ओल लागलेला अल्बम जातोच असं नाही.

तुम्ही म्हणाल, आता तर प्रत्येकाकडे फोन आहे, टेन्शन काय? १५ जून २०२३ आठवा. सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी पाडली तेव्हा तिचं पडणं असंख्य फोनमध्ये रेकॉर्ड झालं. पण त्या व्हिडिओंत चिमणीच आहे. तिच्या सावलीत काम केलेल्या माणसांची नावं त्यात कुठून येणार? शिवाय व्हॉट्सअपवरून नेहमीसारखा फोटो पाठवला की त्यातली तारीख आणि जागेची माहिती गळून पडते. म्हणजे आपणही पुढच्या पिढीला नाव नसलेलेच फोटो देतोय, फक्त ढिगाने.

मग करायचं काय? या रविवारी घरातला एक अल्बम काढा, एकच. आजी, अज्जी, अव्वा, दादी, घरात जे कुणी म्हणत असाल, त्यांच्या शेजारी बसा. फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि एकेका फोटोवर बोट ठेवून विचारा: हे कोण? कुठली गल्ली? हे काय काम करायचे? मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असेल तर तो पण टिपा. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाबाने ठसा पुढे उमटतो. मऊ पेन्सिलने हलकेच लिहा. स्कॅन करून फाइलच्या नावातच वर्ष, पेठ आणि माणसांची नावं टाका. वर्ष नक्की नसेल तर 'अंदाजे' लिहा, उगाच ठोकून देऊ नका. आणि ग्रुपवर टाकण्याआधी घरच्यांना विचारा, सगळेच फोटो सगळ्यांसाठी नसतात.

किल्ला अजून काही शतकं उभा राहील. पण लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी उभी असलेली बाई कोण हे सांगणारं घरात बहुतेक एकच माणूस उरलेलं असतं. त्यांना याच आठवड्यात विचारा.

तुमच्या अल्बममध्ये काय सापडलं ते व्हॉइस नोटने नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या!